भेग दिसली नाही

काम हाती घेण्यापूर्वी सर अंधारात बसत. उजेडातून आत आलेल्या डोळ्यांना काळोखाची सवय व्हावी म्हणून नियमाने एखादे मिनिट थांबावे लागते. सर पाच मिनिटे थांबत. भिंतीला टेकवलेले लाकडी स्टूल, ताठ पाठ, मांडीवर उताणे ठेवलेले हात. मोबाइल बाहेर, बोलणे बंद, दाराच्या काळ्या पडद्याच्या टोकावर दगड. मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, म्हणजे नवतपा, सुरू असताना पत्र्याच्या शेडमधली ती कोठडी अशी तापे की भिंतीला हात लाववत नसे; तरीही पाचाची चार मिनिटे कधी झाली नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी न राहवून विचारले होते, वेळ झाली का. काळोखातून शांतपणे उत्तर आले, "मले काऊन इचारतं? डोयाले इचार."

त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही. ते पुष्कळ कागदांवर आहे, आणि त्यांपैकी एका कागदाचा माग मला अजून लागलेला नाही.

आमची कार्यशाळा देवळीच्या औद्योगिक वसाहतीत होती, अजूनही आहे. वैमानिक घडवणाऱ्या शाळांची लहान विमाने असतात. त्यांचे इंजिन पोलादी नळ्या जोडून केलेल्या एका चौकटीवर बसवलेले असते. तिला आम्ही माउंट म्हणतो. ठरावीक तास उड्डाण झाले की ती चौकट उतरवून तपासणे सक्तीचे असते, कारण नळ्यांच्या सांध्यांवर, वेल्डिंगच्या कडेला, केसाहून बारीक भेगा पडू शकतात आणि भेग वाढत गेली तर इंजिन जागेवर राहत नाही. माउंट लाकडी पेटीतून आमच्याकडे येई. निर्मलाबाई तो धुऊन त्याचे वंगण आणि रंग उतरवीत. मग त्यात विजेने चुंबकत्व भरायचे, चमकणारे कण मिसळलेले तेल त्यावर ओतायचे आणि अंधारात काळ्या दिव्याखाली पाहायचे. या अतिनील दिव्याचा उजेड डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. पण भेग असेल तर तिच्या तोंडाशी कण गोळा होतात आणि हिरवट पिवळी रेघ उजळून उठते. एवढेच काम. ते करणाऱ्याचे डोळे आणि त्याची सही, यांच्या भरवशावर विशीतली मुले आकाशात जातात.

मी वर्ध्याची, पदार्थविज्ञानात एम. एस्सी. दोन वर्षे येथे अनुभव घ्यायचा, पात्रतेची वरची परीक्षा द्यायची आणि नागपूरला विमानदुरुस्तीच्या मोठ्या हँगरमध्ये जायचे, अशी माझी योजना होती. सरांकडे मी शिडीची पहिली पायरी म्हणून पाहत होते, हे मान्य केले पाहिजे. ते दहावीनंतर आयटीआय करून या क्षेत्रात आलेले आणि आयुष्यभर दुसऱ्यांची विमाने पाहत राहिलेले गृहस्थ; स्वतः एकदाही विमानात बसले नव्हते. का, असे विचारले तर म्हणत, "आतून काय दिसते? काईच नाई."

पहिल्या दिवशी मी उन्हात काळा होणारा चष्मा लावून गेले होते. सरांनी तो मागितला, अंगणात नेऊन उन्हात धरला, काच काळवंडेपर्यंत कौतुकाने पाहिली आणि खिशात टाकला. सुटी झाल्यावर घेऊन जा, आणि उद्या साध्या काचांचा घालून ये, म्हणाले. काळ्या दिव्याखालीही ती काच काळवंडते आणि दिसणे कमी होते, हे मला ठाऊक असायला हवे होते. त्यामागचे सगळे विज्ञान मला पाठ होते. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या ओढणीवरून परत पाठवले. धुण्याच्या पावडरीमुळे पांढरे कपडे त्या दिव्यात ट्यूबलाइटसारखे झळकतात. स्वतः सर दोन तपकिरी शर्टांवर वर्ष काढीत आणि त्यांची पत्नी, आमच्या काकू, ते रिठ्याने धूत. कोठडीत हसण्यालाही बंदी होती.

"दात चमकते," सर म्हणाले. "माउंटवर उजेड पडते त्याचा."

पडद्यापलीकडून निर्मलाबाईंचा आवाज आला, "साहेबाचं बरं हाय बाप्पा. दातच नाई उरले, चमकतीन काय?"

अंधारात मी ओठ घट्ट मिटून हसले. निर्मलाबाई कार्यशाळेत सगळ्यांत जुन्या. सरांना असे बोलण्याचा अधिकार त्यांनी कधीच मिळवून ठेवला होता. साहेब आत बसून देवाचे नाव घेते की झोपते हे कोणाले ठाव नाई, असे त्या नव्या माणसाला मुद्दाम सांगत. देवाचे नाव सर घेत नसत. घरी बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि तिच्यापुढची मेणबत्तीही ते वात नीट कापलेली आहे का हे पाहूनच लावीत.

बाहेरच्या जगातही त्यांची तपासणी चालूच असे. खिशात एक भिंग आणि दांड्याचा छोटा आरसा. चहाच्या टपरीवर कप प्रकाशाकडे धरून फिरवीत आणि तडा दिसला तर न रागावता बदलून मागत. एसटीत चढले की आधी वाकून सीटखालचे नटबोल्ट पाहत. एकदा वर्ध्याला जाताना कंडक्टर वैतागून म्हणाला, साहेब, बसता का उतरता? सर म्हणाले, "बसतो. पण उभा राहून." आणि वर्ध्यापर्यंत खांबाला धरून उभे राहिले. माझ्या चुलतभावाच्या लग्नात मांडवाच्या खांबाची बांधणी पाहून ते वराच्या मामाला कोपऱ्यात घेऊन गेले. मामांना वाटले मानपानाचे काही बिनसले आहे. शेवटी खांब पुन्हा बांधला गेला आणि मंगलाष्टके थोडी उशिरा झाली. मला तेव्हा लाज वाटली होती. आज अशी लाज पुन्हा वाटण्याची संधी मिळावी, असे वाटते.

अहवालाचा छापील नमुना इंग्रजीत होता. त्यात भेग नाही, अशा अर्थाचे वाक्य होते. सर ते वाक्य प्रत्येक अहवालावर पट्टी ठेवून खोडत आणि वर हाताने लिहीत, भेग दिसली नाही. मालकांनी दोनदा सांगून पाहिले की ग्राहकांना ही खाडाखोड आवडत नाही, ते फोन करून विचारतात की नक्की आहे की नाही. सरांनी ऐकले नाही. मला एकदा समजावून सांगितले ते असे: "'नाई' हे लय मोठं वाक्य हाय, मॅडम. ते लिहाची आपली औकात नाई. आपल्याले दिसली नाई, एवढंच आपलं."

मला ते मॅडम म्हणत आणि सोबत तू म्हणत. सुरुवातीला त्यात टोमणा होता, पुढे सवय राहिली. माझ्या पुस्तकांत याच विचाराला एक भारदस्त नाव आणि दोन प्रकरणे दिलेली आहेत. सरांनी ती पुस्तके पाहिलेली नव्हती. एखाद्या गोष्टीचे नसणे आणि आपल्याला न दिसणे यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो आणि तो थकलेला, घाईत असलेला किंवा आंधळा असू शकतो, एवढे त्यांना पुस्तकाशिवाय कळले होते.

त्या माणसाची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी जावई पाळला होता. भंगारात गेलेल्या एका माउंटचा कापून काढलेला कान, म्हणजे बोल्ट बसतो तो भाग. त्याच्या वेल्डिंगला नखाच्या कडेएवढी भेग होती. कधी सुटे कान तपासायला आले की सर त्यांच्यात गुपचूप हा तुकडा मिसळून देत. न सांगता येतो आणि त्याच्याकडे पाहायचे राहिले तर घरात गोंधळ होतो, म्हणून जावई. तो एरवी त्यांच्या कपाटात, जुन्या डब्यात, फडक्यात गुंडाळून असे. दुसऱ्याच महिन्यात तो माझ्या ढिगात आला आणि मी त्याला चांगल्या तुकड्यांत ठेवले. सर रागावले नाहीत. संध्याकाळी निर्मलाबाईंसमोर फक्त म्हणाले, "आज जावई आला होता. मॅडमनं पाणीसुद्धा नाई इचारलं." मी घरी जाऊन रडले. त्यानंतर माझ्या हातून जावई कधी सुटला नाही.

आणखी एक गोष्ट केवळ आमच्याकडची. शेजारी कापसाची जिनिंग, म्हणजे सरकी वेगळी करणारी गिरणी, आहे. हंगामात तिचा तंतू हवेत भरून राहतो, पडद्याच्या फटीतून आत येतो, ओल्या माउंटवर चिकटतो आणि काळ्या दिव्याखाली भेगेसारखाच चमकतो. म्हणून दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत आमच्या कोठडीत एक शब्द सतत ऐकू येई. रेघ दिसली की सर म्हणत, "कापूस असन," आणि मऊ ब्रशने ती जागा पुसून, तेल पुन्हा ओतून पाहत. तंतू असेल तर जाई. "कापूस पुसला जाते, भेग नाई," हे त्यांचे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते.

त्या वहीविषयी सांगितले पाहिजे. मला कामाची सुधारित कार्यपद्धती लिहायची होती; ती वरच्या परीक्षेला आणि नागपूरच्या मुलाखतीला उपयोगी पडणार होती. त्यासाठी मी प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ नोंदवत असे. सरांचे अंधारात बसणेही मी नोंदवले. पाच मिनिटे. त्या दिवाळीनंतर सात. संक्रांतीच्या सुमारास दहा. उन्हाळ्यात पंधरा, कधी वीस. मी त्याचा आलेख काढला. रेषा सुरेख चढत गेली होती. त्याखाली मी लिहिले की ज्येष्ठ निरीक्षकाची दक्षता वयानुसार वाढत जाते आणि नव्या निरीक्षकांनी याचा आदर्श ठेवावा. ते वाक्य अजून माझ्या हस्ताक्षरात आहे. निरीक्षण अचूक होते. निष्कर्ष काढणारी व्यक्ती त्या माणसाच्या प्रेमात पडलेली होती, म्हणून चुकली.

त्याच हिवाळ्यात आम्ही गिरडला गेलो होतो. सर, काकू आणि मी. सर दरवर्षी जात. दर्ग्याला हात जोडून झाले की टेकडीच्या कडेला उभे राहत आणि खालच्या सपाटीवर काय काय दिसते ते मोजत: कुठल्या गावची पाण्याची टाकी, कुठला मोबाइलचा मनोरा, कुठली चिंच. या वेळी ते कडेला गेले आणि मला म्हणाले, "तू सांग, काय काय दिसते." मी सांगत गेले. शेवटी ते म्हणाले, "आन् टाकी?" टाकी खरोखरच माझ्याकडून राहिली होती. मला वाटले, परीक्षाच घेत आहेत. काकू मागे संत्री सोलत बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि फोड पुढे केली.

आमच्या कामात वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावे लागतात. जवळचे वाचण्याचे एक कार्ड असते. ठरावीक अंतरावर धरून सगळ्यांत बारीक ओळ वाचून दाखवायची. ही तपासणी कार्यशाळेतच दुसऱ्या कोणी घेतली तरी चालते, आणि आमच्याकडे दुसरी कोणी म्हणजे मी. फेब्रुवारीत मी कार्ड धरले. सरांनी शेवटची ओळ न अडखळता वाचली. वाचताना त्यांची बुबुळे ओळीवरून सरकली नाहीत. ती माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी स्थिर होती. हे मी पाहिले. पाहिले म्हणजे ते माझ्या डोळ्यांत गेले, पुढे गेले नाही. मी सही केली.

जुलैत एक माउंट आला. पाऊस लागला होता, पाठवणाऱ्या शाळेची घाई होती, मी बाहेर दुसऱ्या कामात होते. पडद्याआडून सर स्वतःशीच बोलल्याचे ऐकू आले, "कापूस असन." मग ब्रशचा आवाज. मग पुन्हा तेल ओतल्याचा. थोड्या वेळाने ते बाहेर आले, छापील वाक्य खोडले, वर आपले वाक्य लिहिले, सही केली, शिक्का मारला आणि माउंटला तपासणीची सही केलेली पट्टी बांधली. पेटी संध्याकाळच्या गाडीने गेली.

ते वाक्य माझ्या कानावर त्या दिवशी पडले आणि डोक्यात तीन दिवसांनी शिरले. मी देवळीच्या स्टँडवर उतरून चालत येत होते. जिनिंगच्या फाटकाला कुलूप होते, आवारात गवत वाढले होते. जिनिंग बंद होऊन दोन महिने झाले होते. हवेत कापूस नव्हता.

मी तिथेच उभी राहिले. वहीतला आलेख, गिरडची टाकी, न सरकलेली बुबुळे, सगळे एका ओळीत येऊन बसले. मला आठवते, त्या क्षणी माझा पहिला विचार सरांविषयी नव्हता, विमानाविषयीही नव्हता. कार्डावर माझी सही आहे, हा होता.

योगायोगाने त्याच दिवशी सुटे कान आले होते. सर जेवायला गेल्यावर मी त्यांचे कपाट उघडले, डब्यातून जावई काढला आणि ढिगात मिसळला. सर परत आले, आत गेले. पंचवीस मिनिटे बसले. मग एकेक तुकडा पाहून त्यांनी सगळा ढीग चांगल्या बाजूला ठेवला आणि कागदावर सही केली.

निर्मलाबाई घरी गेल्यावर मी म्हणाले, "सर, जावई आला होता."

त्यांनी विचारले, "आजच्यात?"

"हो."

"पडदा लाव," ते म्हणाले.

आम्ही दोघे बसलो. किती वेळ, ते मी त्या दिवशी नोंदवले नाही. मग मी तुकडा दिव्याखाली धरला. रेघ इतकी लख्ख होती की मला ती दाराजवळूनही दिसली असती. सर वाकले. तुकडा फिरवला. मान वाकडी केली, कोंबडी दाण्याकडे पाहते तशी एका डोळ्याच्या कडेने पाहिले, मग दुसऱ्या. त्यांनी विचारले, कुठे. मी त्यांचे बोट धरून नेमके रेघेवर ठेवले.

"इथं तर काईच नाई," ते म्हणाले. आणि लगेच, खालच्या आवाजात, जणू कोणी चुकीचे लिहिले ते सुधारत असल्यासारखे, "मले दिसली नाई."

उजेडात आल्यावर मी विचारले, कधीपासून. दिवाळीपासून, ते म्हणाले. मधोमध पाहायला गेले की मधलेच नाहीसे होते, कडेकडेचे तेवढे दिसते. आणि कार्ड? ते कार्ड त्यांनी इतकी वर्षे इतक्या लोकांकडून वाचून घेतले होते की झोपेतही म्हणता आले असते. मग माझ्याकडून तो प्रश्न विचारला गेला, जो मी विचारायला नको होता, किंवा फार आधी विचारायला हवा होता. "मग सही का केली, सर?"

त्यांनी तपकिरी शर्टाच्या टोकाने भिंग पुसले आणि म्हणाले, "वाटे, अजून थोडं बसलो तर दिसन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे मालकांच्या खोलीत गेलो. मी बोलण्याची तयारी करून आले होते. माझ्याजवळ मुद्देसूद वाक्ये होती; कार्ड दरवर्षी बदलायला हवे होते, बुबुळे हलली नाहीत हे मी पाहिले होते, तरी सही केली. पण सर आधी बोलले. "मॅडमनं नियमानं परीक्षा घेतली. कार्ड मी पाठ केलं होतं. फसवलं मी." आणि माझ्याकडे न पाहता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मालकांनी माझ्याकडे पाहिले. माझी वाक्ये माझ्याजवळच राहिली. ती अजून माझ्याजवळ आहेत. हे लिहिताना प्रथमच बाहेर येत आहेत.

मालक वाईट माणूस नाहीत. त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, सगळी पत्रे आजच जाऊ द्या, माउंट परत मागवा, तपासणी फुकट करून देऊ. "पण मॅडम, शब्द जरा सांभाळून. शेड बंद झाली तर इथल्या लोकायनं कुठं जाचं?" सर प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त झाले, असे ठरले. पत्राचा मसुदा मी केला. मी चांगला मसुदा करते. त्यात खबरदारीचा उपाय म्हणून, आपल्या सोयीनुसार, फेरतपासणी, असे शब्द होते. तपासणाऱ्याला दिसत नव्हते, हे वाक्य त्यात नव्हते.

दिवाळीनंतर केवळ सरांच्या नजरेखालून गेलेले माउंट पाच होते. बाकीच्यांवर माझीही नजर पडलेली होती. चार परत आले. तीन माउंटवर मला भेग दिसली नाही. चौथ्यावर खालच्या सांध्याला, वेल्डिंगच्या कडेला, दिसली. मी ती पुसली, पुन्हा तेल ओतले, पुन्हा पाहिली, आणि पहाटेच्या चांदणीसारखी ती तिथेच राहिली. ते विमान आदल्या आठवड्यापर्यंत उडत होते.

पाचवा माउंट म्हणजे जुलैतला, ज्यावर काहीतरी चमकले होते आणि जे कापूस नव्हते. त्या शाळेकडून उत्तर आले नाही. पत्रात सोयीनुसार असे लिहिलेले असल्यामुळे त्यांनी ते सोयीनुसार बाजूला ठेवले असावे. मी फोन केले. पहिले दोन उचलले गेले, पाठवतो म्हणाले. मग शाळाच बंद पडली. मी स्वतः गेले तेव्हा आवारात एक रखवालदार होता. विमाने सुटी करून विकली, त्याने सांगितले. इंजिन एकाने नेले, पंख दुसऱ्याने, लोखंडी सामान कोणी नेले ते त्याला माहीत नव्हते. तेव्हा कुठे मी संबंधित खात्याला सगळे स्पष्ट शब्दांत लिहिले. नोंद घेतल्याचे उत्तर आले. पण तो माउंट आज कोणत्या विमानावर आहे, की कोठे गंजत पडला आहे, हे सांगू शकेल असा कागद कोणाजवळ नाही. त्याला बांधलेली पट्टी तेवढी आहे, आणि ती पाहणाऱ्याला सांगते की अतिशय काटेकोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका निरीक्षकाने तो तपासला आहे.

मी रविवारी सरांकडे जाऊ लागले. देवळीतच त्यांचे दोन खोल्यांचे घर. काकूंनी पहिल्याच भेटीत, सर आत असताना, हळूच म्हटले, "चहा खाली सांडे, माय. मले वाटलं, तू रोज संग राह्यतं, तुले ठाव असन." नागपूरच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे पाहून सांगितले होते की गेलेले परत येणार नाही, उरलेले किती दिवस टिकेल ते पाहायचे. सर अंगणात बाजेवर बसून असत. वरून एखादे विमान गेले की बोलणे थांबवून मान कलती करीत आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत तशीच ठेवीत. मोठी विमाने आहेत सर, आपली नाहीत, असे मी एकदा म्हणाले. त्यांनी ऐकले नसावे.

चौथ्याची भेग मी त्यांना सांगितली होती. त्यांनी कोणती नळी, कोणता सांधा एवढे विचारले आणि बोटांनी हवेत ती जागा चाचपली. त्यानंतर प्रत्येक रविवारी मी चपला काढत असतानाच प्रश्न येई. "पाचवा आला काय?" मी नाही म्हणे. मग आम्ही इतर गोष्टी बोलत असू. म्हणजे मी बोलत असे. मला वरच्या परीक्षेचा निकाल मिळाला, सहीचा अधिकार मिळाला, शिक्का मिळाला. सरांनी शिक्का हातात घेऊन अंगठ्याने त्यावरचा क्रमांक वाचायचा प्रयत्न केला. "पाहून मारजो," एवढेच म्हणाले.

ते वाळत चालले होते. काकू म्हणाल्या, रात्री उठून बसतात, दार लावून घेतात, विचारले तर म्हणतात, डोयाले अंधाराची सवय लावून राह्यलो. त्या रविवारी मी रस्त्यानेच ठरवून गेले. चपला काढल्या. प्रश्न आला. मी म्हणाले, आला, सर.

बाजेवर ते सरळ बसले. "कधी?"

"बुधवारी. मीच पाहिला."

"काय निघालं?"

"भेग नव्हती," मी म्हणाले. "एकही नव्हती, सर. अगदी चांगला आहे."

काकूंनी चहा आणून ठेवला आणि कप त्यांच्या हाताला लावून दिला. त्यांनी तो घेतला, बोटाने कड चाचपली, कुठे तडा नाही ना ते पूर्ण वर्तुळ फिरून पाहिले. मग मान कलती करून, डोळ्याच्या कडेने, त्यांनी माझा चेहरा शोधला.

"मंग तू पाह्यलाच नाई," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. अंधारात बसल्यावर असे तसा तो आवाज होता. मी चहा संपवला. एसटीची वेळ झाली असे सांगून उठले.

त्यानंतर त्यांनी पाचव्याविषयी विचारले नाही. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी चपला काढताना थोडा वेळ लावत असे. मग माझे जाणे कमी होत गेले. नागपूरच्या हँगरचे बोलावणे आले होते ते मी घेतले नाही, पण कार्यशाळेपासून देवळीतल्या देवळीत त्यांच्या घरापर्यंतचा रस्ताही मला लांब वाटू लागला.

लाकडी स्टूल आता माझे आहे. मी त्यावर पाच मिनिटे बसते, घड्याळ लावून, एक सेकंदही जास्त नाही. डोळे तपासण्याचे कार्ड दरवर्षी नवे मागवते आणि ते निर्मलाबाईंच्या हाती देते. इंग्रजी त्यांना येत नाही, पण मी काय वाचते याकडे त्यांचे लक्षही नसते, त्या माझी बुबुळे पाहतात. तसे मीच त्यांना सांगितले आहे. नवी पेटी आली की झाकण मी स्वतः उघडते. भुसा बाजूला करते, आणि माउंट धुवायला देण्यापूर्वी, आधीच्या तपासणीची पट्टी बांधलेली असेल तर ती उलटून खालची सही पाहते. आजवर प्रत्येक वेळी ती दुसऱ्या कोणाची तरी निघाली आहे.